खेळण्यास योग्य

शनिवार, २ मार्च

आज अकरा वर्षांनी आमचा तेर्वास हा आइस हॉकी संघ बाद फेरीत पोचला. सगळं साल्मियोकी गाव गाड्यांचे भोंगे वाजवत फिरतं आहे, आणि मी मात्र दुसऱ्या सत्रातल्या एकाच प्रसंगावर अडकून बसले आहे.

आमचा बचावपटू यालो आपल्या गोलामागे चकती घ्यायला गेला होता. मागून समोरच्या संघाचा एक धिप्पाड गडी आला आणि यालोचं डोकं काचेवर आपटलं. काच थरथरली ती मला बाकामागे उभ्या उभ्या जाणवली. यालो उठला, आपणहून बाकावर आला, पाणी प्यायला. पण बाटली उचलली ती कप्तानाची. प्रत्येक बाटलीवर आकडा असतो, आणि यालो एकोणीस वर्षांचा असला तरी त्याला आकडे वाचता येतात.

"यालो, बरा आहेस ना?"

"एकदम."

"आज वार कोणता?"

"मॅचचा," तो म्हणाला. बाकावरचे सगळे हसले. मीही हसले, आणि मग माझाच मला राग आला.

त्याला आत नेऊन मानेवर बर्फाची पिशवी धरली. चाळीस मिनिटं. तो छताकडे बघत होता. उद्या त्याची डोक्याची परीक्षा घ्यायची आहे.

रविवार, ३ मार्च

ही परीक्षा संगणकावर होते. शब्द लक्षात ठेवायचे, आकृत्या ओळखायच्या, दिवा लागला की कळ दाबायची. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होण्याआधी सगळ्या संघाची घेतली होती. तो माझा इथला पहिलाच आठवडा होता. कप्तान वेसा दारातून ओरडला होता, "पोरांनो, आज फार हुशारी दाखवू नका, मार्चसाठी राखून ठेवा!" सगळे खो खो हसले होते. नव्या मुलीची भीड चेपावी म्हणून थट्टा करताहेत, असं वाटून मला तेव्हा बरं वाटलं होतं.

ऑगस्टमध्ये यालोला एकसष्ट गुण होते. आज चौसष्ट.

"धडक बसून पोरगा हुशार झाला की!" सांडेल म्हणाले. ते आमचे मुख्य फिजिओथेरपिस्ट, मी त्यांची सहायक; तुर्कू शहरातले, शर्टाला कधी सुरकुती नाही. मला त्यांचा फार आदर वाटतो. त्यांनी 'खेळण्यास योग्य' असा छापील कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "सही तू कर, साइमी. तुलाही अनुभव हवा ना." सात महिन्यांत अशा सगळ्या कागदांवर त्यांनी मलाच सही करू दिली आहे. इतका विश्वास कोण टाकतं?

आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. बाबा कागदगिरणीत, आई बाजारात कॉफीचा तंबू चालवते, आणि आईचा भाऊ, रेइनोमामा, एकतीस वर्षं तेर्वासचं सामान सांभाळतो: स्केटना धार लावणं, कपडे वाळवणं, तुटलेलं शिवणं. गावात अजून म्हणतात, "रेइनोची भाची म्हणून लागली." म्हणून मी कागदाशिवाय काही करत नाही. कागद खोटं बोलत नाही.

आईला फोन करून सगळं सांगितलं, मानेवरच्या बर्फाचं, चाळीस मिनिटांचं. तिला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही. तिच्या तंबूत दिवसभर लोक हॉकीवरच बोलतात, ती नुसती कप भरते. मन मोकळं करायला असं माणूस बरं असतं.

मंगळवार, ५ मार्च

प्रशिक्षक वुओरेला यांनी सगळ्यांना उभं करून झापलं. पैजा लावणाऱ्या लोकांच्या एका संकेतस्थळावर कुणीतरी लिहिलं आहे: 'तेर्वासच्या पोराची मान गेली, चाळीस मिनिटं बर्फ लावून पडला होता.' बाद फेरीत कुणाला काय लागलंय हे घरच्या कुत्र्यालाही कळू द्यायचं नसतं. समोरच्या संघाला कळलं तर ते तिथेच मारतात.

"आपल्यात भोक आहे," वुओरेला म्हणाले. "ते मी शोधणार."

चाळीस मिनिटं! इतकं नेमकं! म्हणजे त्या खोलीत असलेलाच कुणीतरी. मी, सांडेल, यालो. आणि टॉवेल घेऊन दोनदा आत आलेला रेइनोमामा.

छे. मामा कशाला.

गुरुवार, ७ मार्च

दुपारी मामाने मला धारेच्या खोलीत बोलावलं. तिथे दगडाचा आणि ओल्या लोखंडाचा वास असतो. लहानपणी मला तो फार आवडायचा.

"पोरी, हे बघ." यालोचे स्केट त्याने उताणे धरले. "पात्याला दोन कडा असतात, आतली नि बाहेरची. डावीकडे वळताना डाव्या पायाची बाहेरची कड झिजते आणि उजव्याची आतली. उजवीकडे वळताना उलटं. बरोबर?"

"मला स्केटिंग येतं, मामा."

"मग सांग, सोमवारी मी चारही कडांना धार लावून दिली. आज या दोन बोथट, आणि या दोन जशाच्या तशा. म्हणजे?"

"म्हणजे तू दोन कडांना जास्त धार लावलीस."

मामा हसला नाही. "अंगठ्याचं नख घास इथे. धार असेल तर पांढरी भुकटी निघेल."

"मला कामं आहेत."

"गेल्या शनिवारपासून तो डावीकडे वळतच नाही गं. मागे फिरायचं असलं तर पूर्ण उलटा उजवीकडून फिरतो. बचावपटू असा खेळायला लागला तर एक दिवस मरेल."

"त्याला परीक्षेत चौसष्ट आलेत."

"कशात?"

"तुला नाही कळायचं."

तसं बोलायला नको होतं. पण आठवी शिकलेल्या माणसाने लोखंडाकडे बघून मेंदूचं निदान करावं, आणि मी चार वर्षं जे शिकले ते बाजूला ठेवावं? घरी आल्यावर मात्र दुसराच प्रश्न डोक्यात आला. यालोने खेळू नये असं मामाला का वाटतं?

शुक्रवार, ८ मार्च

कपडे वाळवायच्या खोलीमागून जाताना मामाचा आवाज आला. फोनवर होता. मी मुद्दाम थांबले नाही. थांबले. खरं लिहायचं तर थांबले.

"डावा की उजवा?... मागच्या वर्षी कसा होता?... नाही, तुझं तू बघ, पण मला नक्की हवं... तो बुधवारी उतरला तर सगळंच बुडेल... पोरीला सांगून पाहिलं, ती कुठली ऐकते."

मग मला बघून फोन खिशात घातला आणि म्हणाला, "कॉफी घेणार?"

मी नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मामाच्या कॉफीला नको म्हटलं असेन.

सोमवार, ११ मार्च

आता सगळंच वेगळं दिसतं. मामाने नवी हिवाळी बूटजोडी घेतली आहे, मार्चमध्ये. मामा रोज संध्याकाळी कुणालातरी फोन करतो. मामा सराव बघताना यालोच्या पायांकडेच बघतो आणि चिकटपट्टीच्या तुकड्यांवर काहीतरी रेघा मारतो. मी एक तुकडा कचऱ्यातून उचलला. 'डावीकडे ०, उजवीकडे १७.' हा कुठल्या पैजेचा हिशोब?

यालोवरही माझी नजर आहे. बसमध्ये काळा चष्मा लावून बसतो. दोन दिवस नाश्ता टाकला. काल त्याने मला दोनदा एकच गोष्ट विचारली, बस किती वाजता सुटते. मला वाटतं पोरगं रात्री पिऊन येत असावं. अमेरिकेतल्या मोठ्या लीगचा माणूस त्याला बघायला फिनलंडला येणार आहे म्हणे, आणि हा असा. वास घ्यायला मी मुद्दाम जवळून गेले. साबणाचा वास आला.

बुधवार, १३ मार्च

पहिला सामना जिंकलो! पाचांपैकी तीन जिंकायचे आहेत. यालो उभ्या सामन्यात एकदाच चुकला. मला सांडेलना मिठी मारावीशी वाटली.

बाद फेरी सुरू झाली की कुणी दाढी करत नाही. यालोच्या हनुवटीवर जेमतेम सात केस आहेत. कप्तान रोज ते मोजतो. "आज आठ! पोरगा मोठा झाला, कुणीतरी त्याच्या आईला तार करा!"

सामन्याआधी मामा माझ्यापाशी आला होता. "साइमी, तुझा तो कागद मागे घे. आजचा दिवस त्याला बसव."

"का? तुला काय त्याचं?"

त्याने हातातली बाटली खाली ठेवली. "तू मला असं का विचारतेस?"

"सहज."

"सहज," तो म्हणाला आणि बाटल्या भरायला गेला.

गुरुवार, १४ मार्च

आज मी ते केलं. क्लबच्या व्यवस्थापकांना सविस्तर लिहिलं. तारीख, वेळ, फोनवरचे शब्द, चिकटपट्टीचा तुकडा. आपला माणूस म्हणून डोळेझाक करायची असेल तर मग शिकायचं कशाला? गिरणीत बाबांच्या डोळ्यांदेखत लोक 'आपला माणूस' म्हणून काय काय झाकायचे, ते ऐकत मी वाढले. कुणीतरी थांबवायला हवं.

पत्र तीनदा वाचलं. एकही चूक नव्हती.

शनिवार, १६ मार्च

काल दुसरा सामना हरलो. आज सकाळी मामाला चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं.

मी कॉरिडॉरमध्ये होते. व्यवस्थापक हळू आवाजात बोलत होते, मामाने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. 'मी केलं नाही' म्हणालासुद्धा नाही. निरपराध माणूस असा गप्प बसेल का? किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. जाताना दारात मला म्हणाला, "एकवीस नंबरच्या हेल्मेटचा पट्टा कच्चा आहे, लक्ष ठेव," आणि गेला.

कप्तान वेसाने दिवसभर माझ्याशी बोलणं टाळलं. ते पत्र मी लिहिलं हे त्याला कसं कळलं? की त्यालाही काही लपवायचं आहे?

आई फोन उचलत नाही.

रविवार, १७ मार्च

तिसरा सामना जिंकलो. २-१ पुढे आहोत. मला आनंद व्हायला हवा होता.

मंगळवार, १९ मार्च

हरलो. २-२. परवा इथेच शेवटचा सामना.

त्यांचे तीनही गोल एकाच बाजूने झाले. वुओरेलांनी फळ्यावर बाण काढून दाखवलं. "दर वेळी यालोच्या डाव्या खांद्यावरून! यांना कुणी सांगितलं की तो तिकडून फिरत नाही?"

मामा तर तीन दिवस घरी आहे. मग सांगितलं कुणी? एकाएकी मला असं वाटलं की कुणीच सांगितलं नसेल. त्यांनी बघितलं असेल. बर्फावर उतरलेल्या पाच माणसांना दिसलं, माझ्या मामाला दिसलं, आणि फक्त मलाच दिसलं नाही.

बुधवार, २० मार्च

मोठा दिवस होता. सगळं क्रमाने लिहिते.

मामा नसल्यामुळे स्केट आता गावातल्या दुकानात धारेला जातात आणि पेटी मीच नेते. सकाळी गाडीत बसले. यालोचे स्केट वरच होते. दुकानापाशी पोचून पंधरा मिनिटं तशीच बसून राहिले. मग एक स्केट उताणा केला आणि अंगठ्याचं नख घासलं.

डावा पाय, बाहेरची कड: नखावर पांढरी भुकटी. आतली कड: काही नाही, नुसतं घसरलं. उजवा पाय: बरोबर उलटं.

हे स्केट दोन सामने आणि तीन सराव खेळून आले होते.

ते धारेला न देता मी परत आले. हॉलमध्ये दोघेतिघेच सराव करत होते. मीही स्केट चढवले आणि यालोला मधल्या वर्तुळापाशी बोलावलं.

"माझ्याभोवती एक फेरी मार. उजवीकडून."

सुंदर मारली. त्याचं स्केटिंग बघितलं की कुणी सायीवरून बोट फिरवावं तसं वाटतं.

"आता डावीकडून."

"कशाला?"

"मार तर."

"प्रशिक्षकांनी सांगितलंय का?"

"मी सांगते आहे."

अर्धं वर्तुळ झालं नसेल. त्याचा एक हात हवेत गेला, तो तिरपा होत कठड्यापर्यंत गेला आणि तिथे दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. डोळे मिटलेले. मी जवळ गेले.

"काय होतं?"

"दिवे सरकतात."

"कुठले?"

"सगळेच. बादलीतलं पाणी हलतं तसं."

"त्या दिवसापासून?"

त्याने मान हलवली आणि मान हलवल्याने पुन्हा डोळे मिटले.

"मग चौसष्ट कसे मिळाले तुला?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याची थट्टा करते आहे. "ऑगस्टमध्ये एकसष्टच घेतले होते ना. मुद्दाम. सगळेच घेतात. शब्द आठवत असले तरी आठवत नाहीत म्हणायचं, कळ उशिरा दाबायची. मग मार्चमध्ये डोकं बसलं तरी आकडा जुळतो."

"खरे किती आले असते?"

"गावाकडच्या संघात नव्वद आले होते. तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं." मग हळूच म्हणाला, "तुला खरंच माहीत नव्हतं? आम्हाला वाटायचं, तुला माहीत आहे, आणि तू चांगली आहेस म्हणून गप्प आहेस."

मी त्याला कोपराला धरून बाकावर बसवलं.

"परवा तो अमेरिकेचा माणूस येतोय," तो म्हणाला. चुकून परवा म्हणाला, सामना उद्या आहे. "एकच सामना, साइमी. मी उजवीकडून वळेन. तू कुणाला सांगू नकोस."

दुपारी मामाला शोधत सरोवरावर गेले. बर्फाला भोक पाडून, समोर गळ सोडून तो स्टुलावर बसला होता. शेजारी चार लहान मासे, थिजून वाकडे झालेले. माझ्याकडे वळला नाही.

"बर्फ पातळ झालाय," म्हणाला. "जड पदवी घेऊन चालू नकोस."

"मामा, ते पत्र मी लिहिलं होतं."

"माहीत आहे. एवढं शुद्ध आपल्या घरात दुसरं कोण लिहितं?"

मी रडले. त्याने गळ वर काढला, आमिष तपासलं, पुन्हा सोडला. माझं आवरेपर्यंत तेवढंच करत राहिला.

"तू फोन कुणाला करत होतास?"

"त्याच्या गावच्या हॉलमध्ये धार लावतो त्या एस्कोला. म्हटलं, पोरगा लहानपणापासूनच एका अंगाने वळत असेल, तर मी उगाच आरडाओरडा करतोय. एस्को म्हणाला, चारही कडा सारख्या झिजायच्या."

"मग व्यवस्थापकांना सांगितलं का नाहीस? आणि ती बातमी? ती कुणी फोडली?"

आता पहिल्यांदा त्याने मान वळवली. "तुला खरंच कळलं नाही? तुझ्या आईच्या तंबूत कॉफी विकत आणि बातमी फुकट. माझ्या समोर सांगत होती, 'माझ्या साइमीने चाळीस मिनिटं बर्फ धरला त्या पोराला.' अभिमानाने सांगत होती. मी काय सांगायचं व्यवस्थापकांना? तुझं नाव? माझी नोकरी तशीही जूनमध्ये संपते."

वारा बोचत होता. मी त्याच्या नव्या बुटांकडे बघत उभी राहिले. या बुटांवरूनही मी संशय घेतला होता. जुन्याचा तळ निघाला म्हणून घेतले होते, मीच विचारलं तेव्हा कळलं.

"डावीकडे वळवून पाहिलंस का त्याला?" त्याने विचारलं.

"आज."

"आणि?"

"दिवे सरकतात म्हणाला."

मामाने भोकावर धरलेला बर्फाचा पापुद्रा बोटाने फोडला. "मला फक्त धार लावता येते, साइमी. तो बर्फावर उतरायचा की नाही, हे तुझ्या कागदावर ठरतं."

माझ्या पत्राबद्दल तो पुढे एक शब्द बोलला नाही. माफ केलं असं म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. निघताना म्हणाला, "आईवर ओरडू नकोस. तिला रात्री मी सांगेन." व्यवस्थापकांना मात्र मी तिथूनच, बर्फावर उभी राहून, फोन केला. बातमी कुणाकडून गेली ते सांगितलं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "शुक्रवारी ये."

गुरुवार, २१ मार्च

हे ड्रेसिंग रूममध्ये बसून लिहिते आहे. बाहेर सामना चालू आहे.

सकाळी सांडेल यांच्याकडे गेले. ऑगस्टच्या परीक्षेचं सांगितलं. ते कॉफी ढवळत होते.

"ते सगळ्यांनाच माहीत असतं, साइमी."

"तुम्हालाही?"

"वीस वर्षं आहे मी या धंद्यात." मग मवाळपणे म्हणाले, "कागद स्वच्छ आहे. आकडे जुळतात. कुणी विचारलं तर आपण काही चुकीचं केलेलं नाही."

"आपण?"

"बरं, तू. सही तुझी आहे."

सात महिन्यांच्या सगळ्या सह्या डोळ्यांपुढे आल्या. मी याला विश्वास म्हणत होते. दारापर्यंत गेले आणि थांबले. सही माझी आहे. म्हणजे ती मागे घेणंही माझ्याच हातात आहे. सामन्याच्या एक तास आधीपर्यंत, ज्याची सही त्याचा अधिकार, नियम क्रमांकासकट पाठ आहे मला.

वुओरेलांच्या टेबलावर नवा कागद ठेवला. त्यांनी वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली, जणू खरं कारण तिथे लिहिलं असेल.

"पुरावा काय?"

"स्केटच्या कडा. आणि तो डावीकडे वळू शकत नाही."

"परीक्षेत पास आहे ना?"

"ती परीक्षा मीच घेतली होती. ती चुकीची आहे."

"अकरा वर्षं वाट बघितली या गावाने," ते म्हणाले. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. "बाहेर रांग लागलीय. जा, सांग त्यांना, की एका मुलीने नख घासून बघितलं म्हणून आमचा बचावपटू बसलाय."

"सांगते," मी म्हटलं. आवाज फुटला, पण म्हटलं.

त्यांनी कागदावर आपली सही ठोकली आणि मला जायची खूण केली.

यालोने तोपर्यंत खांद्याची कवचं चढवली होती. मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं. त्याने एक हातमोजा माझ्या पायाशी फेकला.

"आधी मामाला काढलंस. आता मला."

 कप्तान वेसा माझ्याकडे बघत होता, मग जमिनीकडे बघायला लागला. ऑगस्टची ती थट्टा आम्हा दोघांनाही एकाच वेळी आठवली असावी. त्याने हातमोजा उचलून यालोच्या कप्प्यात ठेवला आणि म्हणाला, "चला. सहाच्या जागी पाच बचावपटूंनीच खेळायचंय."

ते सगळे गेले. अमेरिकेचा माणूस वर बसला आहे म्हणतात. यालो साध्या कपड्यांत कोपऱ्यात बसला आहे. टीव्ही लावून दिला तर डोळ्यांवर हात धरला, म्हणून बंद केला. मोठा दिवाही घालवला. प्रेक्षकांचा आवाज भिंतीतून येतो, एकदम चढतो, उतरतो, आणि प्रत्येक वेळी तो खांदे आवळून घेतो. पहिलं सत्र संपेपर्यंत माझ्याकडे बघितलंही नाही.

दुसरं सत्र सुरू झाल्यावर म्हणाला, "किती झाले?"

दारापर्यंत जाऊन फलक बघितला. "एक-एक."

"गोल कुणाचा?"

"वेसाचा."

"शाब्बास," तो म्हणाला. दोन मिनिटं गेली असतील. मी हे लिहीत होते. बाहेर काही घडलं नव्हतं, शिट्टीही वाजली नव्हती.

"किती झाले?"

मी लिहिणं थांबवलं. "एक-एक."

"गोल कुणाचा?"

"वेसाचा."

"शाब्बास."

आता तो भिंतीला डोकं टेकून बसला आहे. आत्ता पुन्हा विचारलं त्याने. मी वही बाजूला ठेवली, दारापर्यंत गेले, फलकाकडे नीट बघितलं, आणि परत येऊन त्याला सांगितलं.